दुर्बीण गळ्यात की छातीवर?

अमेरिकेच्या पश्चिमेकडील कोलोरॅडो, वायोमिंग, मोंटाना या डोंगराळ राज्यांत शिकार परवाना घेऊन, ठरलेल्या हंगामातच करावी लागते. एल्क हे सांबराच्या कुळातले थोराड हरीण, मोठ्या कानांचे म्यूल डिअर आणि माळावरचे प्राँगहॉर्न ही तिथली नेहमीची जनावरे. तिथल्या शिकाऱ्याच्या दिवसाचा हिशेब मांडला तर एक गंमत दिसते. बंदूक प्रत्यक्ष खांद्याला लावण्यात फार तर काही मिनिटे जातात. बाकीचा दिवस चढण्यात, उतरण्यात आणि समोरचा डोंगरउतार दुर्बिणीतून तुकड्या-तुकड्याने न्याहाळण्यात जातो. झुडपाआड बसलेल्या हरणाचा एखादा कान किंवा पाठीची आडवी रेघ तेवढी दिसते. तीही दहा वेळा पाहिल्यावर अकराव्या वेळी.

म्हणजे दुर्बीण दिवसभर अंगावर हवी आणि क्षणात डोळ्यांशी यायला हवी. ही केवळ सोयीची बाब नव्हे. बंदुकीवरही नेम धरण्यासाठी एक लहान दुर्बीण बसवलेली असते. गळ्यातली दुर्बीण अडचणीची झाली, पिशवीच्या तळाशी गेली, की हलणारी वस्तू काय आहे हे पाहण्यासाठी माणूस बंदूकच उचलतो आणि तिच्यावरच्या दुर्बिणीतून पाहू लागतो. त्या क्षणी नळी त्या वस्तूवर रोखलेली असते, आणि ती वस्तू म्हणजे झुडपातून चालणारा दुसरा माणूस असू शकतो. म्हणून तिथल्या शिकारी-शिक्षणाच्या वर्गांत आधी ओळख, मग नेम असे बजावून सांगतात. (कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला असे शिक्षण घेतल्याशिवाय परवाना मिळत नाही.) ओळख पटवण्याचे साधन हातापासून दूर असेल, तर नियम पाठ असूनही मोडला जातो. दुर्बीण अंगावर कशी बाळगायची, हा प्रश्न म्हणूनच तिकडे गंभीरपणे घेतात.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून चित्र वेगळे आहे. इथे दुर्बीण बाळगतात ते पक्षिनिरीक्षक आणि वनरक्षक. पण मान सगळ्यांची सारखीच दुखते. शिवाय एका पट्ट्यात दाब, दोलक, स्प्रिंग आणि चुंबक असे माध्यमिक-उच्च माध्यमिक भौतिकशास्त्राचे चार धडे सापडत असतील, तर शिक्षकांनी त्याकडे जरूर पाहावे.

आधी ओझे किती ते पाहू. या कामासाठी बहुतेक जण ८ × ४२ किंवा १० × ४२ दुर्बीण घेतात. पहिला आकडा वर्धनाचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. ४२ ला ८ ने भागले की ५.२५ येतात. डोळ्याकडच्या भिंगातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या झोताची ही जाडी झाली. संधिप्रकाशात तरुण माणसाची बाहुली ५ ते ७ मि.मी. उघडते, म्हणून याहून फार बारीक झोत चालत नाही. बऱ्याच राज्यांत सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास शिकारीची मुभा असते, आणि जनावरे नेमकी त्याच वेळी बाहेर पडतात. तेव्हा खिशात मावणारी छोटी दुर्बीण इथे उपयोगी नाही. ४२ मि.मी. भिंगांची चांगली दुर्बीण ६५० ते ८५० ग्रॅम भरते. आपण ८०० ग्रॅम धरू. म्हणजे बल झाले सुमारे ८ न्यूटन.

आठ न्यूटन म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. भाजीची पिशवी याहून जड असते. पण बल आणि दाब यांतला फरक इथे उपयोगी पडतो. स्वस्त दुर्बिणीबरोबर येणारा पट्टा कधी कधी जेमतेम १ सें.मी. रुंद असतो. तो मानेला १२ सें.मी. लांबीवर टेकतो असे समजा. क्षेत्रफळ १२ चौ.सें.मी., म्हणून दाब सुमारे ६,७०० पास्कल, म्हणजे पाऱ्याच्या ५० मि.मी. इतका. त्वचेतल्या केशवाहिन्यांमधला रक्ताचा दाब सुमारे ३० मि.मी. असतो. बाहेरचा दाब त्याहून अधिक झाला की त्या दबतात, तिथला रक्तपुरवठा मंदावतो आणि तासाभरात ती जागा हुळहुळू लागते. पट्टा वक्र असल्याने हा हिशेब ढोबळच आहे, परंतु त्यावरून दिशा कळते. पट्टा ४ सें.मी. रुंद केला तर दाब चौथ्या हिश्शावर, साडेबारा मि.मी.वर येतो. दप्तराच्या पट्ट्याखाली रुमालाची घडी घालणारा मुलगा हेच करीत असतो.

मात्र रुंद पट्ट्याने भार कमी झाला नाही, फक्त दाब कमी झाला. मानेचे स्नायू आधीच ४ ते ५ किलोचे डोके तोलून धरत असतात. त्यात डोंगर चढताना माणूस पुढे वाकतो, आणि पुढे लटकणारी दुर्बीण मान आणखी पुढे ओढते. हा भार खांद्यांवर आणि पाठीवर न्यावा, हे हार्नेसचे काम. (हार्नेस म्हणजे मुळात घोड्याचा साज. हल्ली गिर्यारोहकाच्या कमरपट्ट्यापासून लहान मुलांच्या झोळीपर्यंत सगळ्यांना हाच शब्द लावतात.) खांद्यांवरचे दोन पट्टे प्रत्येकी अडीच सें.मी. रुंद आणि २० सें.मी. लांबीवर टेकलेले धरले तर क्षेत्रफळ १०० चौ.सें.मी. होते आणि दाब पाऱ्याच्या ६ मि.मी.वर उतरतो. शिवाय मान मोकळी राहते ते वेगळेच.

आता झोक्याकडे वळू. गळ्यातल्या लांब पट्ट्याची दुर्बीण चालताना डावी-उजवीकडे का हेलकावते, आणि कधी कधी हेलकावा वाढतच का जातो? ती एक दोलक आहे. दोलकाचा आवर्तकाल त्याच्या लांबीवर ठरतो. सपाटीवर चालणारा माणूस मिनिटाला साधारण ११० पावले टाकतो. धड उजव्या पावलाला एका बाजूला आणि डाव्या पावलाला दुसऱ्या बाजूला कलते, म्हणजे आडव्या हेलकाव्याचे एक आवर्तन दोन पावलांत पुरे होते. त्याला सुमारे १.१ सेकंद लागतात. इतका आवर्तकाल असलेल्या दोलकाची लांबी सूत्राने काढली तर ती ३० सें.मी. येते. चढावर पावले मिनिटाला ९० वर आली, तर लांबी ४४ सें.मी. येते. आणि गळ्यातली दुर्बीण पट्ट्याच्या टेकणीपासून किती खाली लोंबते? साधारण तेवढीच, ३० ते ४५ सें.मी.! चालण्याची लय आणि दुर्बिणीची लय जुळते, आणि अनुनाद होतो. छातीवर घासल्यामुळे एरवी थोडा लगाम बसतो, पण माणूस वाकला की दुर्बीण छातीपासून सुटते आणि मोकळा दोलक बनते. मग ती बंदुकीच्या दस्त्यावर आपटते, खडकावर आपटते. धातूचा तो एक टणत्कार ऐकून दूरचे हरीण मान वर करते, आणि शिकाऱ्याची सकाळ वाया जाते.

हा प्रयोग वर्गात अवश्य करावा. दोऱ्याला दगड बांधून १५, ३० आणि ६० सें.मी. लांबीचे दोलक मुलांच्या हाती द्यावेत. हात छातीशी घट्ट धरून मैदानावर नेहमीच्या चालीने चालायला सांगावे. कोणता दगड सर्वांत जास्त झुलतो हे सूत्र सांगण्याआधी त्यांनीच पाहावे. उंच मुले आणि बुटकी मुले यांची पावले वेगळी पडतात, तेव्हा उत्तरेही थोडी वेगळी येतील.

यावर उपाय दोन. पट्टा इतका आखूड करायचा की दुर्बीण छातीच्या मधल्या हाडाशी राहील, किंवा ती बाजूंनीही बांधून टाकायची. हार्नेसमध्ये दोन्ही साधते.

हार्नेसचे दोन प्रकार बाजारात दिसतात. साधा प्रकार म्हणजे चार पट्ट्यांची फुली. पाठीवर चामड्याचा किंवा प्लॅस्टिकचा एक चपटा तुकडा, त्यातून दोन पट्टे खांद्यांवरून पुढे येतात, दोन काखेखालून येतात, आणि पुढच्या टोकांना दुर्बीण अडकवलेली असते. हा हलका, स्वस्त आणि दुरुस्तीला सोपा. दुसरा प्रकार पेटीचा. छातीवर कापडी पेटी, तिला झाकण, आत दुर्बीण. बर्फ, धूळ आणि पाऊस यांपासून भिंगे वाचतात, आणि दुर्बीण लोंबतच नाही. या प्रकाराची चलती सध्या फार आहे. पण त्यात एक मोह असतो. पेटीला बाजूचे खिसे, खालचे खिसे, अंतर मोजण्याच्या यंत्राची पिशवी असे काय काय जोडता येते. रिकामी पेटीच अर्धा किलोच्या घरात जाऊ शकते. सगळे भरल्यावर छातीवर दोन किलो कधी झाले हे कळतही नाही, आणि पायाखालची वाट दिसेनाशी होते. ओबडधोबड उतारावर आपला पाय न दिसणे हे मानदुखीपेक्षा वाईट. उघड्या, कोरड्या प्रदेशात थोडा वेळ हिंडायचे असेल तर माझे मत साध्या फुलीच्या बाजूने आहे. बर्फात किंवा धुळीत दिवसच्या दिवस काढायचे असतील तर पेटी घ्यावी, पण सडी.

पट्टे ताणले जाणारे, म्हणजे इलॅस्टिकचे असावेत की नुसत्या कापडी फितीचे, यावर बरीच चर्चा चालते. इलॅस्टिकमुळे दुर्बीण डोळ्यांशी नेताना पट्टा आडवा येत नाही आणि धक्के मऊ होतात, हे खरे. पण इलॅस्टिकला टांगलेली दुर्बीण म्हणजे स्प्रिंगला टांगलेले वजन. तिच्या वर-खाली होण्याचा आवर्तकाल केवळ एका गोष्टीवरून काढता येतो. दुर्बीण टांगल्यावर इलॅस्टिक किती लांबले, ती लांबी दोलकाच्या सूत्रात घालायची! चालताना शरीर प्रत्येक पावलाला एकदा वर-खाली होते, म्हणजे दर ०.५५ सेकंदाला. या आवर्तकालाला जुळणारी लांबी येते साडेसात सें.मी. तेव्हा जे इलॅस्टिक दुर्बिणीच्या वजनाने सात-आठ सें.मी. लांबते, ते पावलागणिक दुर्बीण नाचवणार. एक-दोन सें.मी.च लांबणारे ताठ इलॅस्टिक असे करीत नाही. दुकानात पट्टा हाताने ताणून ‘वा, किती मऊ!’ म्हणण्याऐवजी त्याला दुर्बीण टांगून पट्टीने मोजणे अधिक शहाणपणाचे.

विकत घेतलेला हार्नेस अंगावर नीट बसवला नाही तर पैसे फुकट जातात. आधी त्या दिवशी घालायचे सगळे कपडे अंगावर चढवावेत. सदऱ्यावर बसवलेला हार्नेस जाड कोटावर आवळतो. पाठीवरचा चपटा तुकडा कुठे येतो हे सर्वांत महत्त्वाचे, आणि नेमके तेच स्वतःला दिसत नाही, म्हणून दुसऱ्याची मदत घ्यावी. मानेच्या बुडाशी जो मणका बोटाला उंच लागतो, त्याच्या चांगले चार बोटे खाली, दोन फऱ्यांच्या मध्ये तो यावा. वर सरकला तर पट्टे मानेकडे ओढले जातात आणि हार्नेस पुन्हा गळपट्टाच होतो. फार खाली गेला तर पट्टे खांद्यांवरून घसरतात. पुढची उंची नंतर ठरवावी. दुर्बीण किंवा पेटी छातीच्या हाडावर यावी. मान खाली करून दोन्ही बाजूंना वळवली तर हनुवटी आपटू नये, आणि खुर्चीवर पाय ठेवून चढताना गुडघा लागू नये. शेवटी काखेखालचे पट्टे. ताठ उभे असताना ते जवळजवळ बेकार असतात, छातीच दुर्बिणीला आधार देते. त्यांचे काम वाकल्यावर सुरू होते. म्हणून बुटाची नाडी बांधायला वाकून पाहावे. दुर्बीण छातीपासून फार सुटत असेल तर ते थोडे आवळावेत, आणि मग खोल श्वास घ्यावा. श्वासाला अडथळा झाला किंवा पट्ट्याखाली दोन बोटे सहज गेली नाहीत, तर जास्त आवळले गेले. चढावर श्वास पुरत नसताना छाती करकचून बांधणे हा शुद्ध अविचार होय.

आता दुर्बीण डोळ्यांशी नेऊन पाहावी. कोपर पूर्ण उचलूनही पट्टा ताणला जाऊ नये. पट्टा दुर्बीण खाली ओढत असेल तर हाताचे स्नायू त्याविरुद्ध काम करतात आणि हात थरथरतो. दहापट वर्धनाच्या दुर्बिणीत ती थरथरही दहापट होऊन दिसते. यानंतर बंदूक, अर्थातच रिकामी आणि तपासलेली, खांद्याला लावून पाहावी. दस्ता जिथे टेकतो तिथे पट्टा किंवा बक्कल असेल तर दस्ता घसरतो, आणि बार उडताना बक्कल मांसात रुतते. धनुष्याने शिकार करणाऱ्यांना वेगळी काळजी असते. सुटलेली प्रत्यंचा छातीवरच्या पेटीला घासली तर बाण भरकटतो, म्हणून ते पेटी शक्य तितकी चपटी घेतात. पाठीवरची पिशवी हार्नेसच्या वरून चढवावी, म्हणजे विश्रांतीला पिशवी उतरवली तरी दुर्बीण अंगावर राहते.

पेटीचे झाकण कसे बंद होते, ही बाब वरवर किरकोळ वाटते. पण माझ्या मते खरी परीक्षा तिथेच होते. व्हेल्क्रोची पट्टी घट्ट बसते, पण उघडताना चर्रकन आवाज करते. या पट्टीचा जन्मच शिकारीच्या फेरफटक्यातला. १९४१ मध्ये स्वित्झर्लंडचे अभियंते जॉर्ज द मेस्त्राल आल्प्समधून कुत्र्यासह परतले, तेव्हा कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना चिकटलेली काटेरी फळे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि त्यांना बारीक आकडे दिसले. आपल्याकडे आघाड्याच्या शेतातून आलेल्याला हे वेगळे सांगायला नको. आज तीच पट्टी आवाजामुळे शिकाऱ्यांना नकोशी झाली आहे. तिच्याऐवजी चुंबकाची झाकणे आली. ती निःशब्द असतात, एका हाताने उघडतात आणि आपोआप मिटतात. पण चुंबक छातीवर, आणि होकायंत्र हातात धरायचे तेही छातीसमोर!

हिशेब करू. १० मि.मी. व्यासाचे, ३ मि.मी. जाडीचे निओडिमियम चुंबक घेतले, तर त्याच्या अक्षावर २० सें.मी. अंतरावर सुमारे ६ मायक्रोटेस्ला क्षेत्र मिळते. होकायंत्राची सुई पृथ्वीच्या क्षेत्राच्या आडव्या घटकावर चालते. मुंबईच्या परिसरात तो ३८ मायक्रोटेस्लाच्या आसपास आहे. कोलोरॅडो चुंबकीय ध्रुवाला जवळ असल्याने तिथे क्षेत्र जमिनीत अधिक तिरके घुसते आणि आडवा घटक २० च्या आसपासच उरतो. म्हणजे तिथे हे इवलेसे चुंबक सुईला पंधरा अंशांहून अधिक फिरवू शकते. पंधरा अंश चुकून एक किलोमीटर चालले तर माणूस अडीचशे मीटर बाजूला जातो. धुक्यात किंवा बर्फात, अंधार पडायच्या बेतात असताना, तंबू आणि दरी यांत तेवढेच अंतर असू शकते. अंतर वाढले की क्षेत्र घनाच्या प्रमाणात घटते, हा मात्र मोठा दिलासा. अंतर दुप्पट, म्हणजे ४० सें.मी. केले तर क्षेत्र आठव्या हिश्शाला येते आणि चूक जेमतेम दोन अंश राहते. तेव्हा हात लांब करून होकायंत्र वाचावे, किंवा हार्नेस काढून ठेवावा. पेटीच्या खिशात होकायंत्र ठेवू तर मुळीच नये. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी अशी झाकणे टाळावीत. उपकरणांतील शक्तिमान चुंबके पेसमेकरपासून १५ सें.मी. तरी दूर ठेवावीत, असा सल्ला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये दिला आहे, आणि छातीवरच्या पेटीत इतके अंतर राहणे कठीण.

चुंबकाच्या असल्या लुडबुडीची आपल्याकडची जुनी गोष्ट शिक्षकांना सांगता येईल. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतली भूचुंबकीय मोजमापे बिघडतील हे ओळखून १९०४ मध्ये ते काम अलिबागला हलवले गेले. हाच धडा टेबलावरही करता येतो. पर्सच्या झाकणातले चुंबक होकायंत्राच्या पूर्वेला ४०, ३०, २० आणि १० सें.मी.वर ठेवून सुईचा कोन मोजावा आणि त्याच्या स्पर्शज्येचा अंतराशी आलेख काढावा.

एक गोष्ट कायद्याची. कोलोरॅडोत रायफलच्या हंगामात शिकाऱ्याने कमरेच्या वर निदान ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी कापड घातले पाहिजे, आणि त्यात टोपीही आली. दुसऱ्या शिकाऱ्याने माणूस ओळखावा म्हणून हा नियम. पाठीवर पिशवी, छातीवर मातकट रंगाची पेटी, असे झाले की नारिंगी अंगरखा असूनही समोरून दिसतो किती? अशा वेळी पेटीवरच नारिंगी कापड लावणे चांगले.

थंडीत दुर्बीण कोटाच्या आत ठेवावी का, असेही विचारले जाते. गार भिंगावर तोंडाची ओलसर वाफ बसते, उबदार भिंगावर बसत नाही, म्हणून कल्पना ठीक आहे. पण कोटात घाम असतो, आणि चेन उघडण्यात वेळ जातो. त्यापेक्षा पेटी बरी, फक्त भिंगाकडे तोंड करून श्वास सोडू नये.

पक्षी पाहायला जाणाऱ्या शाळेच्या गटाला विकतचा हार्नेस परवडेलच असे नाही. जुन्या दप्तराचे पट्टे, शिंप्याकडची चार सें.मी. रुंद इलॅस्टिक फीत आणि पाठीवर रेक्झिनचा एक तुकडा एवढ्यात साधी फुली शिवून होते. शिवण दुहेरी घालावी, आणि दुर्बीण अडकवण्याआधी दोन किलोचे वजन रात्रभर टांगून पाहावे. इलॅस्टिक ऊन आणि घाम यांनी हळूहळू मरते. नव्या पट्ट्याला दुर्बीण टांगून तो किती लांबतो ते वहीत लिहून ठेवावे आणि दर पावसाळ्यानंतर पुन्हा मोजावे. पाच सें.मी.च्या पुढे गेला की फीत बदलावी.